काउंटर नंबर चार

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यापासून दोन गल्ल्या आत,
ज्यूसवाला आणि पासपोर्ट-फोटोवाला यांच्या मध्ये आमचं दुकान.
विकतो काय? पैसा.
पैसे देऊन पैसा न्यायचा, इतकंच.
सकाळी आठला मी बोर्डाची वायर लावते
आणि लाल आकडे जागे होतात:
रुपया, टका, पेसो,
ज्याच्या त्याच्या घरचा ताप सांगत.

त्या वर्षी तेल पडलं.
तेल पडलं म्हणजे सांडलं नव्हे,
सांडतं तर कुणी फडका तरी आणला असता.
भाव पडला.
आधी क्रेन थांबल्या, मग ओव्हरटाइम,
मग माणसं.

त्याच आठवड्यात रुपयाही पडला.
"ताई, खरंच दोनशे अठरा?"
रांग ज्यूसवाल्याच्या फ्रीजपर्यंत.
कुणी कार्ड घासून आणलेले,
कुणी खोलीतल्या सहा जणांची भिशी आधीच उचललेली.
आपलं नाणं आजारी पडलं
म्हणून बर्फी वाटताना मी इथेच पाहिलं.
एक तुकडा मीही खाल्ला.

मीही पाठवले. आईला फोन केला, या वेळी जास्त येतील गं.
ती म्हणाली, यायलाच हवेत.
गॅस, तूरडाळ, बाबांचं इन्सुलिन,
सगळ्यांनी तुझा बोर्ड वाचलाय.

इस्माईल परकार, परांची बांधणारा.
अकरा वर्षं, दर सात तारखेला, ऐंशी रिआल,
पावतीची चौकोनी घडी टोपीत.
त्या महिन्यात तो रांगेत नव्हता.
काचेबाहेर उभा राहून हातानेच विचारलं, किती?
मी बोटांनी दाखवलं: दोन, एक, आठ.
त्याने मान डोलावली,
दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण
वासावरूनच पसंत करावं तशी.
दुसऱ्या दिवशी परत. दोन, एक, नऊ.
तिसऱ्या दिवशी परत.

कंपनीच्या गेटला साखळी लागली होती
हे मला फोटोवाल्याने सांगितलं.
तीन पगार "पुढच्या गुरुवारी".
व्हिसा संपलेला. दंड मात्र रोज हजेरी लावणारा.

नोव्हेंबरात तो आत आला.
नंबर घेतला, खुर्चीच्या कडेवर बसला,
जशी ती खुर्ची पगारदारांची असावी.
"पाठवायचं नाय गो आज. घ्यायचं हाय."
बहिणीने, हसीनाने, कानातलं मोडलं होतं,
त्यानेच कधी एकशे ऐंशीच्या भावात पाठवलेल्या पैशांतून केलेलं.
चाळीस हजार रुपये. पहिल्यांदाच
पैसा समुद्र उलटा ओलांडून आला होता.

मी बटणं दाबली.
ज्या आकड्यावर रांगेने टाळ्या वाजवल्या
तोच आता भागाकाराखाली बसला होता.
चाळीस हजार भागिले दोनशे वीस.
एकशे एक्याऐंशी आणि वर काही बैसा.
"इतकंच?"
मी तीनदा तपासलं. दर खरा होता,
दुकान खरं होतं, पावतीवर माझी सही खरी होती.
दंड आणि तिकीट मिळून दोनशे चार.
तो काचेवरच्या माझ्या बोटांकडे बघत राहिला
आणि मग त्यालाच माझी कीव आल्यासारखा म्हणाला,
"तुझा काय दोस? तू फकत बोरड लावतंस."

पावतीची घडी. टोपी.
दार ढकलायचं की ओढायचं, तो क्षणभर विसरला.
उरलेले तेवीस त्याने कुठून आणले, की आणलेच नाहीत,
मला ठाऊक नाही.
मी विचारलं नाही. मागे एक पेसोवाली बाई उभी होती.

परवा रुपया चार पैशांनी सावरला.
रांग नव्हती. सावरलेल्या रुपयाचं इथे कुणाला कौतुक नाही.
दुपारी काचेबाहेर सावली हलली
आणि मान वर करायच्या आधीच
माझी बोटं उठली:
दोन, एक,

शटरचं होतं ते. वाऱ्याने.